उंट, तांडा आणि बेडा : फिरणारी माणसे थांबतात तेव्हा जागा कुणाची असते?

जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले. हे उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात आहेत, अशी तक्रार होती. तळेगाव दशासर ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि प्रकरण धामणगाव रेल्वेच्या न्यायालयात गेले. कच्छचे पाच पशुपालक अटक झाले आणि जामिनावर सुटले. उंट मात्र अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत अडकून पडले. ज्यांचे उंट होते ते रबारी आणि फकीरानी जत समाजाचे लोक. हे उंट आपले आहेत आणि आपण पिढीजात उंट पाळणारे आहोत, हे सिद्ध करायला त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

त्या दिवसांत आपल्याकडे बहुतेकांचा पहिला प्रश्न होता, "वऱ्हाडात उंट कशाला?" पण ज्याचे वावर आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उभी राहिली की कच्छकडचे मेंढपाळ डेरा घेऊन येतात हे त्याला ठाऊक असते. रात्री मेंढ्या वावरात बसवल्या की लेंडीखत मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. डेऱ्याचा सगळा संसार, म्हणजे खाट, भांडी, लहान लेकरे आणि नुकतीच जन्मलेली कोकरे, उंटाच्या पाठीवर असते. गायी घेऊन येणाऱ्या काठेवाडींनाही आपण ओळखतोच, बहुधा भांडणातून. कुणाच्या तुरीत ढोरे शिरली की गाव गोळा होते.

मला या प्रकरणातली एक गोष्ट जास्त खटकली. ज्या माणसाला गावाचा पत्ता नाही त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, पुरावा त्याने नंतर आणायचा, ही रीत कुणालाही नवी वाटली नाही. आपल्यालाही नाही. आंबेडकरी चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी या रीतीकडे नीट पाहावे म्हणून हा लेख लिहितो आहे. त्यासाठी थोडे दूर, सहारा वाळवंटापर्यंत जाऊन यावे लागेल.

एक शब्द आधी बाजूला ठेवू. 'भटका' म्हटले की डोळ्यांसमोर दिशाहीन फिरणारा माणूस येतो. प्रत्यक्षात कोणताही पशुपालक किंवा व्यापारी तांडा दिशाहीन फिरत नाही. विहीर कुठे, गवत कधी, बाजार कोणत्या वारी, कोणत्या पाटलाशी पूर्वीची ओळख, असा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तो कागदावर नसतो, एवढेच. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सहाऱ्यात तुआरेग नावाचे लोक राहतात. नायजर, माली, अल्जीरिया, लिबिया आणि बुर्किना फासो अशा पाच देशांत ते विखुरलेले आहेत. त्यांच्या समाजात पुरुष तोंडावर निळा फेटा गुंडाळतो आणि बाई तोंड झाकत नाही. तंबू बाईच्या मालकीचा असतो. त्यांची तिफिनाग नावाची जुनी लिपी आहे आणि ती घरात आईकडून शिकण्याची परंपरा आहे. मिठाच्या खाणींतून उंटांवर मीठ लादायचे, शेकडो कोस चालायचे, दक्षिणेच्या बाजारात ते देऊन बाजरी आणायची, हा त्यांचा मोठा धंदा. मालीत ताउदेनीहून टिंबक्टूला आणि नायजरमध्ये बिल्माहून अगादेझकडे मिठाचे तांडे जात.

पर्यटनाच्या चित्रांत हे 'वाळवंटाचे निळे सरदार' म्हणून दिसतात. चित्रात जे दिसत नाही ते आपल्याला लगेच ओळखू येईल. या समाजात वरपासून खालपर्यंत पायऱ्या होत्या. वर इमाजेघेन म्हणजे सरदार. त्यांच्याखाली इमघाद म्हणजे मांडलिक. धर्मकार्य करणारे वेगळे. लोहारकाम, चामड्याचे काम, दागिने करणारे इनादेन वेगळे. त्यांच्यावाचून लग्न लागत नसे, पण त्यांच्याशी लग्न करत नसत. सगळ्यात खाली इक्लान म्हणजे दास. विहिरीतून पाणी शेंदणे, जनावरे राखणे, बाजरी कांडणे, ओअॅसिसमधल्या बागा कसणे ही कामे त्यांची. दासपण आईकडून मुलाकडे जाई. वर्णव्यवस्थेसारखा धर्मग्रंथाचा आधार तिथे नव्हता, म्हणून दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पण श्रम करणाऱ्याला हलके आणि त्याच्या श्रमावर जगणाऱ्याला कुलीन मानायची युक्ती तीच आहे.

मग हा समाज कसा बदलला? फ्रेंचांनी पश्चिम आफ्रिकेत १९०५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद केली. वाळवंटात मात्र त्यांनी डोळेझाक केली, कारण तिथला कारभार त्यांना सरदारांकरवीच चालवायचा होता. १९६० मध्ये माली आणि नायजर स्वतंत्र झाले आणि जुन्या वाटांवर देशांच्या सीमा आल्या. मिठाची वाट ट्रकने घेतली. १९७० च्या आसपासच्या आणि पुन्हा १९८० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळांनी कळपच्या कळप मेले. सरदाराचा रुबाब उंटांवर होता. उंट गेले आणि तोही शहराबाहेरच्या तंबूत येऊन बसला. तरुण पोरे कामाच्या शोधात अल्जीरिया-लिबियाकडे गेली. त्यांना 'इशुमार' म्हणू लागले. बेकार या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव पडले. नायजरमध्ये त्यांच्याच चराऊ पट्ट्यात आर्लीतला १९७१ पासून युरेनियम निघू लागले, पण त्यातून त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. या असंतोषातून बंडे झाली. २०१२ मध्ये उत्तर मालीत स्वतंत्र 'अझवाद'ची घोषणाही झाली. जगभरच्या बातम्यांत तेवढेच येते.

या सगळ्यात इक्लानांचे काय झाले, हे बातम्यांत कमी आले. मालकाकडे उंटच उरले नाहीत, तेव्हा अनेक दास आपोआप मोकळे झाले. पण जमीन, विहीर आणि सरकारदरबारची ओळख अनेक ठिकाणी जुन्या सरदारांकडेच राहिली. दास मोकळा झाला आणि त्याच मालकाची जमीन वाट्याने कसू लागला. त्यांच्यातल्या शिकलेल्या लोकांनी १९९१ मध्ये नायजरमध्ये 'तिमिद्रिया' ही संघटना काढली. २००३ मध्ये तिथे गुलाम ठेवणे हा गुन्हा ठरला. हदिजातू मानी या दासवर्गात जन्मलेल्या बाईला वयाच्या बाराव्या वर्षी विकले होते. तिने थेट स्वतःच्या देशाविरुद्ध पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की नायजर सरकारने तिचे रक्षण केले नाही, आणि तिला भरपाई द्यायला लावली. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी!

आता वऱ्हाडात येऊ. मिठाचे तांडे आपल्याकडेही होते. लमाण या नावाचा संबंध लवणाशी जोडतात. बंजारा समाज हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य देशभर नेत असे. मोगलांच्या आणि नंतर इंग्रजांच्या फौजांना रसद याच तांड्यांनी पुरवली. या धंद्याला ते 'लदेणी' म्हणत. अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. भुसावळहून शेगाव, अकोला, बडनेरा करत रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. सहाऱ्यात ट्रकने जे केले ते इथे शंभर वर्षे आधी रेल्वेने केले. बैलाच्या पाठीवरचा धंदा एका पिढीत बसला. आणि १८७१ मध्येच इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. एका बाजूने रोजी काढून घेतली आणि दुसऱ्या बाजूने, कामधंदा नसलेली, फिरणारी माणसे म्हणजे जन्मजात चोर, असे कायद्यात लिहून टाकले. कोणती जमात या यादीत जाईल हे ठरवणाऱ्यांना पुरावा द्यावा लागत नव्हता.

बंजारा समाज तांडे करून स्थिरावला. पुसद, दिग्रस, मानोरा, कारंजा या पट्ट्यात तो शेतीला लागला. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. पोहरादेवी, जी १९९८ पर्यंत आपल्याच अकोला जिल्ह्यात होती, आज राजकीय पक्षांना टाळता येत नाही इतके मोठे केंद्र आहे. हा बदल खरा आहे आणि त्याचे श्रेय त्या समाजाच्या शिक्षणाच्या ओढीला आहे. पण दिवाळीनंतर त्याच पट्ट्यातल्या तांड्यांत गेले तर घरांना कुलपे दिसतात. माणसे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली असतात. पूर्वी बैलावर मीठ लादून फिरत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फिरतात. आणि तांड्यातल्या तांड्यात ढाडी, ढालिया, सनार, न्हावी या पोटगटांचा दर्जा काय, हा प्रश्न तांड्याचा नायक आणि कारभारी ऐकूनच घेत नाहीत. तुआरेगांच्या इनादेनांसारखीच ही गोष्ट आहे : ढोल वाजवणारा लग्नात हवा, पंगतीत नको.

कागदाचा खेळ बघा. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. पारध्यांची गत याहून विचित्र आहे. फासेपारधी, टाकणकार, लंगोली पारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत. पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. तपासायला आलेल्या कारकुनाला हा फरक समजेलच असे नाही, आणि ज्याचा दाखला अडतो त्या पोराला तर मुळीच समजत नाही. पण परिणाम मोठा आहे. फासेपारध्यावर जातीय अत्याचार झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. राज पारधी किंवा बंजारा माणसावर तसाच अत्याचार झाला तर होत नाही. आपण एखाद्या प्रकरणात ठाण्यात जातो तेव्हा आधी हे माहीत असले पाहिजे.

फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लावे, हरीण धरणारे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा ठरली. वन्यजीव वाचले पाहिजेत यात वाद नाही. पण शिकार बंद करताना शिकाऱ्याच्या पोटाची सोय कुणी लावली नाही. त्याआधी, ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला होता. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे सोळा दिवसांनी. म्हणून विमुक्त समाज ३१ ऑगस्टला स्वतःचा मुक्तिदिन मानतो. पण कायदा गेला तरी 'सराईत गुन्हेगार' ठरवणारे कायदे आले आणि ठाण्यातली वही तीच राहिली. तालुक्यात कुठे चोरी झाली की गाडी आधी बेड्यावर जाते. कामानिमित्त बेड्यांवर जाणे होते, तेव्हा लहान पोरे गाडीचा आवाज ओळखतात हे मी पाहिले आहे. दुचाकी आली तर बाहेर येतात, जीप आली तर झाडीत जातात.

याच समाजातल्या मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ मध्ये नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे फासेपारधी मुलांची शाळा उभी केली. भीक मागणारी मुले स्टेशनांवरून आणि सिग्नलवरून गोळा केली. नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. चारशेवर मुले तिथे राहू-शिकू लागली. मग समृद्धी महामार्गाची आखणी तिथूनच गेली. जून २०१९ मध्ये वर्गखोल्या, वाचनालय, विहीर रस्त्याखाली गेली. ७०१ किलोमीटरच्या रस्त्याला वळण घ्यायला जागा नव्हती! फिरणाऱ्या समाजाने थांबावे, शिकावे, असे सगळेच सांगतात. थांबून शाळा बांधली तर ती हलवायला लावतात.

दुसरीकडे अकोला-वाशीमच्या माळरानावर 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबर गवत आणि तणमोर पक्षी वाचवायचे काम करते. कोणते गवत कधी कापायचे, कोणत्या पक्ष्याचे घरटे कुठे, हे ज्ञान ज्या माणसाला पूर्वी फासे लावायला लागत होते तेच आता राखण करायला लागते. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण त्यात पारध्याला 'सुधारायचे' नाही. त्याला जे येते त्यालाच मान द्यायचा आहे.

मात्र भटक्या जीवनाचे गोडवे गाण्याचे मला कारण दिसत नाही. पारध्यांची जातपंचायत बाईला किती छळते हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुआरेग बाईचा तंबू तिच्या नावावर असतो, आपल्याकडच्या पालात तिचे काहीच नसते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो वापरायला बेड्यावरची बाई एकटी ठाण्यात जाऊ शकत नाही. तिच्याबरोबर कुणीतरी जावे लागते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार आपल्यापेक्षा खोल केला होता. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांची मांडणी अशी आहे : आदिम समाज मूळचे फिरते होते, कारण त्यांची संपत्ती म्हणजे गुरे. काही टोळ्या शेतीला लागून स्थिर झाल्या, काही फिरत्या राहिल्या आणि स्थिर गावांवर हल्ले करू लागल्या. या लढायांत पराभूत होऊन आपल्या टोळीतून तुटलेली माणसे गावाच्या वेशीबाहेर वसली. त्यांनी गावाची राखण करायची आणि गावाने त्यांना धान्य व आसरा द्यायचा. बाबासाहेबांच्या मते हे तुटलेले लोक म्हणजे अस्पृश्यांचे पूर्वज. या सिद्धांतावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यातला एक धागा महत्त्वाचा आहे. वेशीबाहेरची जागा ही अस्पृश्यतेच्याही आधीची गोष्ट आहे. माणूस आधी जागेवरून बाहेर काढला गेला, विटाळ त्याच्यावर नंतर लादला गेला.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणजे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचेच अधिकारी. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात अस्पृश्य, आदिवासी आणि भटक्यांसह इतर मागास असे वेगवेगळे गट मांडले गेले. वऱ्हाड तेव्हा त्या प्रांतात नव्हते, पण मागासांची अशी विभागणी पुढे सगळीकडेच रुळली. पुढे भटक्या-विमुक्तांतून लक्ष्मण माने यांच्यासारखे लेखक-कार्यकर्ते धम्माकडे आले, २००७ च्या मे महिन्यात मुंबईत महालक्ष्मीला मोठा धर्मांतर सोहळा झाला. पण आपल्या जिल्ह्यांत बुद्धविहार आणि बेडा यांच्यातले अंतर त्यामुळे कमी झाले असे मला दिसत नाही. आपल्याही वस्तीत चोरी झाली की आपलीही माणसे बेड्याकडेच बोट दाखवतात. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, आणि आपल्याही पलीकडे कुणी पाल टाकले तर आपल्याला ते नको असते.

आणि हे भांडण ज्या जमिनीवर होते ती जमीन बहुतेक वेळा गायरान असते. दोघेही तिथेच असतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्याच वारशाने २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी गायरानावर केलेली अतिक्रमणे नियमित करायची. किती जणांचा सातबारा झाला ते प्रत्येक गावाने स्वतःच मोजावे. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातल्या गायरानांवरच्या दोन लाख बावीस हजारांवर बांधकामांचा आकडा आला. त्यानंतर गावोगाव नोटिसा गेल्या. त्या बौद्ध वस्तीतही गेल्या आणि बेड्यावरही.

जगपाल सिंग निकालात एक ओळ आहे जी नोटीस देणारा सांगत नाही. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना जमीन पट्ट्याने दिली असेल, किंवा जागेवर आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून ती नियमित करता येते. यात बौद्ध येतात, फासेपारधी येतात. विमुक्त जातींचे नाव त्यात नाही, त्यांनी 'भूमिहीन मजूर' म्हणून दावा करावा लागतो.

म्हणून गावात नोटीस आली की आपल्या वस्तीचे उत्तर लिहिताना बेड्याचेही लिहावे. १९९० पूर्वीपासून तिथे राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठ, जुने रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, आणि हो, ठाण्याच्या जुन्या नोंदीसुद्धा चालतात. जी वही पारध्याला चोर ठरवत होती, तीच तो अमुक साली अमुक गावात राहत होता हेही सांगते. जातीच्या दाखल्यासाठी तारखा लक्षात ठेवाव्यात : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालात जन्मला त्याच्याकडे तो नसतोच. जात पडताळणी समितीचे दक्षता पथक गृहचौकशीला येते, तेव्हा समाजाच्या चालीरीती, कुळे, देव, बोली यांची माहिती विचारते. त्या दिवशी बेड्यावरची म्हातारी माणसे कामाला बाहेर गेलेली नसावीत. आदल्या संध्याकाळी कुणीतरी जाऊन त्यांना सांगून यावे लागते.

यंदाही पऱ्हाटी उभी राहिली की कच्छचे डेरे येतील. त्यांच्याकडे पशुपालक असल्याचे ओळखपत्र, जनावरांच्या लसीकरणाचे कागद आणि ज्या शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवल्या त्याचा फोन नंबर असेल, तर ठाण्यातला अर्धा त्रास वाचतो. आपल्या शिवारात डेरा उतरला तर एवढे विचारायला हरकत नाही.